थांबताना गाडी गचका का खाते: शिकाऊ चालकाला वेग कमी करायला शिकवताना

आधी लक्षणं बघा. यातली दोन-तीन जरी रोज दिसत असली, तरी पुढचं सगळं तुमच्याच कामाचं आहे.

- सिग्नलला गाडी थांबते, पण शेवटच्या हातभर अंतरात जोराचा गचका बसतो आणि सगळ्यांच्या माना पुढे जातात.
- समोर काही आलं की डावा पाय आधी हलतो. क्लच पूर्ण आत जातो, गाडी मोकळी सुटते, आणि मग घाबरून ब्रेक मारला जातो.
- थांबता थांबता गाडी बंद पडते.
- स्पीडब्रेकर ओलांडल्यावर गाडी धडधडत राहते, कारण गिअर तिसराच असतो.
- तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घेतल्यावर क्लच सोडताना मागून कोणी ओढल्यासारखा झटका बसतो.
- उतारावर वेग कमी करायला म्हणून क्लच दाबला, तर वेग वाढतो.

मी साताऱ्यात सतरा वर्षं गाडी शिकवते आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी घरी शिकून आलेले असतात. "गाडी येते हो मॅडम, फक्त हात साफ करायचाय," असं म्हणतात आणि पहिल्याच चौकात वरचा गचका बसतो. त्यांना सरळ रस्त्यावर गाडी चालवता येते, गिअरही टाकता येतात. वेग उतरवायला मात्र कोणी वेगळं शिकवलेलंच नसतं. म्हणून हे शेजारच्या सीटवर बसणाऱ्या बाबांसाठी, दादासाठी, नवऱ्यासाठी लिहिते आहे. ज्या क्रमाने मी तपासते, त्याच क्रमाने सांगते: फुकटातलं आधी, गॅरेजचं शेवटी.

चप्पल, मॅट, सीट

यातून इतक्यांदा दोष सापडलाय की दुसरं काही बघण्याआधी मी खाली वाकून पायांकडेच बघते. सैल चप्पल ब्रेकवरून घसरते किंवा पेडलच्या कडेला अडकते. पट्ट्याची सँडल किंवा पातळ तळव्याचे बूट घाला. साडी नेसून शिकायला येणाऱ्या काकूंच्या निऱ्या टाचेखाली येतात आणि पाय उचलताना पेडलवरचा अंदाजच जातो. मग त्या ब्रेक घाबरत घाबरत मारतात आणि आपण म्हणतो, यांना जमत नाही. निऱ्या थोड्या वर खोचल्या की प्रश्न तिथेच संपतो. चालकाच्या पायाखालची मॅट सरकून पेडलखाली जात नाही ना, ते बघा. सीटखाली पाण्याची बाटली ठेवूच नका. ब्रेक मारला की ती घरंगळत पुढे येते आणि नेमकी पेडलखाली अडकते.

सीट मागे असेल, तर शिकणारा पूर्ण मांडी उचलून ब्रेक दाबतो. मांडीच्या जोराने दाबलेला ब्रेक कधीच हलका बसत नाही. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील, एवढी सीट पुढे घ्या. उजवी टाच जमिनीवर टेकलेली हवी, साधारण ब्रेकच्या समोर. तिथून पंजा फिरवला की रेसवर, परत फिरवला की ब्रेकवर. उंची कमी असेल तर पाठीमागे घट्ट उशी द्या. टाच उचलून ब्रेक मारायची सवय लागली की ती मोडायला फार वेळ जातो.

तुम्ही स्वतः वीस मिनिटं चालवा

त्याच गाडीने, त्याच रस्त्यावर. तुम्ही थांबवतानाही गाडी गचका खात असेल, एका बाजूला ओढत असेल किंवा बंद पडत असेल, तर शिकणाऱ्याला बोलण्यात अर्थ नाही. सरळ खाली "गाडीतले दोष" या भागाकडे जा. मुलगी चार दिवस रडत होती आणि दोष क्लच प्लेटचा निघाला, असं मी पाहिलंय.

याच फेरीत हँडब्रेक तपासा. घरच्या गाडीत तुमच्या हाताशी तेवढाच एक ब्रेक आहे. मोकळ्या रस्त्यावर ताशी १० किलोमीटरवर त्याचं बटण दाबून धरा आणि हळूहळू ओढून बघा. बटण दाबून ठेवलं की तो अडकत नाही, कमीजास्त करता येतो. खस्सकन ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरू शकते. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल, तर चालत्या गाडीत तो काय करतो हे गाडीच्या पुस्तिकेत आधी वाचून ठेवा.

लर्निंग लायसन्स जवळ हवं, पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल हवा, आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा. लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्याची परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते. म्हणजे आठवड्यात सगळं शिकवून संपवायची काही घाई नाही.

तुम्ही काय बोलता, ते ऐका

बहुतेक घरांत दोषाचं मूळ इथे असतं. पहिल्या दिवशी गाडी बंद पडायला लागली की आपण ओरडतो, "क्लच दाब, क्लच दाब!" दहा वेळा ऐकल्यावर शिकणाऱ्याच्या डोक्यात पक्कं बसतं: अडचण आली की क्लच. पण क्लच गाडी थांबवत नाही. तो फक्त इंजिन आणि चाकं यांच्यातली गाठ सोडतो. गाठ सुटली की इंजिन गाडीला मागे धरून ठेवायचं थांबतं आणि गाडी आपल्या वेगाने पुढे जात राहते.

नुसतं "हळू, हळू" म्हणणंही सोडा. हळू म्हणजे नेमका कुठला पाय, हे त्याला कळत नाही. मी तीन शब्द तीन थांब्यांनी म्हणते: "रेस सोडा." मग, "ब्रेक." आणि बऱ्याच वेळाने, "आता क्लच." हे मधलं अंतरच शिकवायचं असतं. "थांब!" हा शब्द खऱ्या संकटासाठी राखून ठेवा. तो ऐकला की दोन्ही पाय पूर्ण दाबायचे, गाडी बंद पडली तरी चालेल, हे आधीच ठरवून घ्या. एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, असलेल्या गाडीत अशा वेळी पेडल पायाखाली थरथरतं. शिकणारा घाबरून पाय काढतो, म्हणून तेही आधी सांगून ठेवा: थरथरलं तरी दाबून धरायचं.

आणि लवकर बोला. ताशी ४० किलोमीटरला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, म्हणजे साधारण तीन छोट्या गाड्यांची लांबी. तुमचं वाक्य दोन सेकंदांचं आणि त्याचा विचार एका सेकंदाचा धरला, तर ब्रेकवर पाय पडेपर्यंत ३० मीटर गेलेले असतात. त्यात तुमचा आवाज चढलेला असेल, तर पाय आणखी जोरात पडतो.

नजर

शिकणारा बॉनेटच्या टोकाकडे बघत असेल, तर त्याला प्रत्येक गोष्ट अचानकच दिसणार. पुढच्या गाडीच्याही पुढची गाडी, लांबचा सिग्नल, डावीकडून येणारी गल्ली, सगळं त्याला तोंडाने म्हणायला लावा. दोन-तीन दिवसांत फरक पडतो.

उजवा पाय

आता सराव. रिकामा, सपाट रस्ता घ्या. मी सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीत नेते. ताशी ३० पर्यंत वेग घ्या आणि एका ठरावीक झाडाशी थांबा. असं दहा वेळा करा. त्या तासात बाकी काही शिकवू नका.

ब्रेकवर पाय आधी नुसता टेकवायचा. त्या हलक्या स्पर्शाने मागचा ब्रेकलाइट लागतो आणि मागच्या गाडीला कळतं. मग दाब वाढवायचा, मधल्या अंतरात सगळ्यात जास्त. शेवटी, चाकं थांबायच्या अगदी आधी, पंजाचा जोर थोडा सैल करायचा. तो गचका बसतो या शेवटच्या टप्प्यामुळे. ब्रेकमुळे गाडीचं नाक खाली दबलेलं असतं. चाकं थांबली की ते एकदम वर उसळतं आणि आपण पुढे जाऊन मागे आपटतो. दाब आधीच कमी झालेला असेल, तर उसळायला फार उरतच नाही. मात्र सैल म्हणजे सोडून देणं नव्हे, आणि एवढं करायला पुढे जागा शिल्लक हवी. बहुतेक शिकाऊ उलटं करतात: सुरुवातीला घाबरत ब्रेक शिवतात, झाड जवळ आलं की शेवटी कचकन दाबतात.

अर्धी भरलेली पारदर्शक बाटली गिअरजवळच्या खाचेत ठेवते मी. शिकणाऱ्याने रस्त्याकडे बघायचं, मी पाण्याकडे बघते. पाणी पुढच्या बाजूला हळूहळू चढून हळूहळू खाली आलं, तर पाय बरोबर. चढून धपकन मागे आपटलं, तर शेवट बिघडला. "चुकलं" म्हणण्यापेक्षा "पाणी आपटलं" म्हटलं की माणूस कमी दुखावतो, आणि त्याला नेमकं कुठे चुकलं तेही कळतं.

जमायला लागलं की वेग ४० करा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं. २० ला जेवढ्यात थांबता येतं त्याच अंदाजाने ४० ला ब्रेक मारला, तर झाड मागे पडतं. हे एकदा रिकाम्या रस्त्यावर प्रत्यक्ष दिसू दे.

डावा पाय: क्लच नेमका केव्हा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

एक प्राथमिक शिक्षिका शिकायला यायच्या. दुसरा आठवडा होता. शाळेजवळचा स्पीडब्रेकर पन्नास पावलांवर होता आणि गाडी तिसऱ्यावर होती. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा डावा पाय सरळ तळापर्यंत गेला, उजवा पाय रेस आणि ब्रेकच्या मध्ये हवेतच राहिला. गाडी उतारावर सुटली, माझा पाय माझ्याकडच्या ब्रेकवर गेला. थांबल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, मी क्लच दाबला होता ना!"

"दाबला होतात बाई, म्हणूनच सुटली."

त्या गप्प झाल्या. मग मी त्यांना एक गोष्ट करायला सांगितली. तुम्हीही करा. सपाट रस्त्यावर दुसरा गिअर, रेस पूर्ण सोडलेली, क्लचही सोडलेला. गाडी आपोआप ताशी १०-१२ ने चालत राहते. आता डावा पाय शेजारच्या विश्रांतीच्या जागेवर ठेवून फक्त ब्रेक हलका दाबायचा. वेग उतरतो. गाडी बंद पडत नाही. अजून थोडा दाबा. आता इंजिन कण्हायला लागतं, गिअरचा दांडा हाताखाली थरथरतो, सीट बारीक हलते. हीच ती वेळ. आता क्लच. एकदा मुद्दाम क्लच न दाबता गाडी बंदही पडू द्या. त्याने गाडीचं काही बिघडत नाही, आणि बंद पडण्याची भीती जाते. ती भीतीच डाव्या पायाला घाई करायला लावते.

त्या बाईंनी सहा वेळा केलं. सातव्या वेळी मी काही बोलायच्या आतच त्यांचा पाय बरोबर वेळेला गेला.

हेच तिसऱ्यावर, चौथ्यावर करा. प्रत्येक गिअरमध्ये कण्हण्याचा वेग वेगळा असतो. लहान पेट्रोल गाडीत दुसऱ्यावर साधारण १० च्या आसपास, तिसऱ्यावर २० च्या आसपास. गाडीगाडीत फरक पडतो, म्हणून आकडा पाठ करून घेऊ नका, थरथर ओळखायला लावा. ४० वरून पूर्ण थांबायचं असेल, तर तिसऱ्यावरच ब्रेक मारत यायचं, थरथर जाणवली की क्लच, गाडी थांबली की न्यूट्रल. मध्ये दुसरा, पहिला टाकत बसायची गरज नाही.

"लवकर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं" हे घराघरांत ऐकू येतं. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत उलट आहे. गिअरमध्ये असताना रेस पूर्ण सोडली की इंजिनाला चाकंच फिरवतात आणि इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच.

गिअर खाली घेताना झटका

थांबायचं नाही, फक्त वेग कमी करून वळायचं आहे, तेव्हा गिअर उतरवावा लागतो. झटका बसतो तो वेग न उतरवता गिअर उतरवल्यामुळे. दुसऱ्या गिअरला त्याच वेगासाठी इंजिन जास्त फिरावं लागतं. क्लच टपकन सोडला की चाकं इंजिनाला ओढून फिरवतात आणि तो धक्का आपल्याला बसतो. आधी ब्रेकने वेग २० पर्यंत आणा, मग दुसरा टाका, मग मनात एक-दोन मोजत क्लच सोडा, अर्ध्यावर क्षणभर थांबून. चौथ्यावरून सरळ दुसऱ्यावर आलं तरी चालतं. "तिसरा राहिला" म्हणून ओरडू नका.

स्पीडब्रेकरला हाच क्रम, पण तिन्ही गोष्टी ब्रेकरच्या आधी संपल्या पाहिजेत. पुढचं चाक चढताना ब्रेक सोडलेला हवा, नाहीतर आधीच दबलेल्या नाकावर गाडी आदळते. गावाकडच्या उंच ब्रेकरला पहिला गिअर घ्या.

उतार आणि घाट

सपाटीवर पाणी आपटायचं थांबल्याशिवाय घाटात नेऊ नका. आम्ही यवतेश्वरचा घाट शेवटच्या आठवड्यात घेतो, तोही सकाळी लवकर, कारण कासच्या फुलांच्या दिवसांत पुढे गर्दी होते. ज्या गिअरवर तो घाट चढता, त्याच गिअरवर उतरायचं. वळणाच्या आधी ब्रेक मारून सोडायचा, पूर्ण उतारभर त्यावर पाय ठेवून बसायचं नाही. सतत घासून ब्रेक तापले की पकड कमी होते. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये उतरणं बंद, आणि इंजिन बंद करणं तर कधीच नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांपुरतीच उरते, मग पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होतं. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलंच, तर ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा. पुन्हा पुन्हा मारू नका, आणि किल्ली काढू नका.

गाडीतले दोष

वरचं सगळं झालं, तरी गचका जात नाही, किंवा तुमच्या वीस मिनिटांतच शंका आली असेल, तर हे बघा. क्लच अगदी वर, पाय जवळजवळ पूर्ण सोडल्यावर पकडत असेल, तर प्लेट झिजत आलेली असू शकते. अगदी तळाशी पकडत असेल, तर केबलचं अॅडजस्टमेंट किंवा क्लचचं ऑइल बघावं लागतं. अशा गाडीवर नवख्याला अंदाज येणं फार कठीण. क्लच पूर्ण दाबलेला असूनही सिग्नलला इंजिन बंद पडतं, तेव्हा चूक पायाची नाही, आयडलिंगची, म्हणजे रेस न देता इंजिन जसं फिरत राहतं त्याची आहे. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाला हवा देणारी झडप, साफ करून बहुतेकदा भागतं.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची छोटी डबी बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी दिसली तर नुसतं ऑइल ओतून विसरू नका. पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय, असा त्याचा अर्थ असतो.

इथे थांबा

पुढच्यापैकी काहीही दिसलं, तर त्या दिवशी गाडी चालवू नका, मेकॅनिकला बोलवा: ब्रेक पेडल स्पंजासारखं लागतं किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातं, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, हँडब्रेक सोडलेला असूनही ब्रेकचा लाल दिवा जात नाही, धातूवर धातू घासल्याचा आवाज येतो. घाटात जळका वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं, तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि ब्रेक निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. ब्रेकचं काम घरी यूट्यूब बघून करू नका.

माणसाच्या बाबतीतही एक रेषा आहे. शिकणाऱ्याने एकाच दिवसात दोनदा ब्रेकऐवजी रेस दाबली, तर घरच्या गाडीवरचा सराव तिथेच बंद करा. तुम्ही शेजारून काहीच करू शकत नाही, हँडब्रेक रेसच्या जोरापुढे पुरत नाही. संकटात पाय गोठत असतील, गाडीत बसायच्या आधी हात थरथरत असतील, किंवा तुमच्या दोघांत रोज भांडण होत असेल, तरीही बंद करा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याकडेही ब्रेक आणि क्लच असतो. तिथे पाच-सहा तास फक्त वेग उतरवण्याचे मागा. "पूर्ण कोर्स नको, थांबायला शिकवा" असं स्पष्ट सांगा. पहिल्या दिवशी तुम्ही मागच्या सीटवर बसा आणि ते कुठले शब्द, किती आधी वापरतात, ते लिहून घ्या. घरी परतल्यावर तेच शब्द वापरायचे आहेत.